एकाच चेहऱ्यावर मुरुमं आणि इसब: नवं औषध कसं, किती आणि कोणत्या क्रमाने?

ओलीवाळू (प्रश्न)

मोठ्या वयातल्या मुरुमांवर माहिती मिळते, इसबावरही मिळते. दोन्ही एकाच माणसाला असले की मात्र सगळे सल्ले एकमेकांना आडवे येतात. मुरुमांच्या जेलने त्वचा सुकते आणि इसब उसळतो. इसबावर जाड मलम चोपडलं की हनुवटीवर पुन्हा फोड.

उदाहरणादाखल अशी स्थिती धरू. बाई, वय ३५ च्या आसपास. हनुवटी आणि जबड्याच्या कडेने खोल, दुखरी मुरुमं, पाळीच्या आधी वाढणारी. पापण्या, मान आणि कोपरांच्या खाचेत इसब. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असं: अडापॅलीन ०.१% जेल (रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध), बेन्झॉइल पेरॉक्साइड ५% जेल, चेहरा-मानेच्या इसबासाठी टॅक्रोलिमस ०.०३% मलम (स्टिरॉइड नसलेलं), हातांसाठी मोमेटासोन ०.१% क्रीम (स्टिरॉइड). चारही एकदम सुरू केली. चौथ्या दिवशी चेहरा लाल, सालपटं निघालेली, आणि दोष कोणाचा ते कळायला मार्ग नाही.

आधी काय सुरू करावं? नव्या औषधाची चाचणी घरी कशी घ्यावी? आग कुठपर्यंत चालवून घ्यावी? आणि मलमांनी भागलं नाही तर गोळ्या-इंजेक्शनांची निवड दोन्ही आजार एकत्र धरून कशी होते?

"भरपूर पाणी प्या, टेन्शन घेऊ नका" छापाची उत्तरं कृपया नकोत.


मलमपेटी

आधी इसब. चिरा पडलेल्या त्वचेत अडापॅलीन हवं त्याहून जास्त मुरतं, आग आग होते आणि माणूस तिसऱ्या दिवशी "रेटिनॉइड मला सोसत नाही" असा कायमचा शिक्का मारून मोकळा होतो. औषध बरोबर असतं, वेळ चुकलेली असते.

पहिले दोन आठवडे मुरुमांची दोन्ही जेलं कपाटात ठेवा. चेहरा दिवसातून दोनदाच, कोमट पाण्याने आणि साबणविरहित क्लीन्झरने धुवायचा. नेहमीच्या साबणाचा पीएच ९-१० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. त्या फरकाने आधीच गळका असलेला थर आणखी सैल पडतो. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. त्वचा ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत मॉइश्चरायझर लावायचं (टॅक्रोलिमसच्या जागा सोडून). अंगभर इसब असलेल्या प्रौढ माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. बहुतेक जण याच्या चौथाईत भागवतात आणि मग "मॉइश्चरायझरचा उपयोग नाही" म्हणतात.

तिसऱ्या आठवड्यात, पापण्या आणि मान शांत झाली असेल तरच, अडापॅलीन. रात्री चेहरा धुऊन १५-२० मिनिटं पूर्ण सुकू द्यायचा, कारण ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवतीच्या हाडाच्या कडेला आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवायचा. मग मॉइश्चरायझर, त्यावर अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं जेल, परत मॉइश्चरायझर. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके देऊन पसरायचं. एकेका मुरुमावर टेकवून काही साधत नाही. हे औषध पुढचं मुरूम तयार होऊ नये यासाठी आहे, आलेलं विझवण्यासाठी नाही.

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन आठवडे एकाआड एक, सोसलं तर रोज. तेवढंही झोंबत असेल तर अर्धा तास ठेवून धुऊन टाकायचं आणि दर आठवड्याला थोडा वेळ वाढवायचा. निकाल १२ आठवड्यांच्या आत लावायचा नाही. पहिल्या महिन्यात मुरुमं थोडी वाढल्यासारखी दिसतात, त्यावरून औषध बदलू नका. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड लावायचंच नाही.

बेन्झॉइल पेरॉक्साइड सगळ्यात शेवटी, म्हणजे अडापॅलीन रोजचं होऊन दोन आठवडे सुरळीत गेले की. आणि ५% कशाला? २.५% ने मुरुमं जवळपास तेवढीच कमी होतात, जळजळ मात्र कमी.

नियम एकच: दोन नव्या गोष्टींमध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर. नवा सनस्क्रीनसुद्धा नवी गोष्टच.


अर्धवट_रसायनी

मलमपेटींशी सहमत. रसायनाच्या बाजूने थोडी भर.

अडापॅलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकत्र चालतात, दोन्ही एकाच ट्यूबमध्येही मिळतात. ट्रेटिनॉइन या दुसऱ्या रेटिनॉइडचं तसं नाही. जुन्या पद्धतीचं ट्रेटिनॉइन जेल उजेडात आणि पेरॉक्साइडच्या संगतीत मोडतं, म्हणून एक सकाळी आणि दुसरं रात्री. "रेटिनॉइड आणि पेरॉक्साइड कधीच एकत्र नको" हा सरसकट नियम यातून फुगवलेला आहे.

बेन्झॉइल पेरॉक्साइड रंग उडवतं. उशीचा अभ्रा, टॉवेल, गडद कुर्त्याची कॉलर, सगळ्यावर नारिंगी-पांढरे डाग पडतात आणि धुऊन जात नाहीत. वॉशच्या रूपात वापरलं तर हे बरंच टळतं आणि इसबवाल्या त्वचेला सोसतंही: कोरड्या चेहऱ्यावर लावायचं, दोन ते पाच मिनिटं ठेवायचं, नीट धुवायचं. कानामागे आणि केसांच्या रेषेत उरलेला फेस हा डागांचा नेहमीचा उगम. ट्यूब गरम गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. उष्णतेने पेरॉक्साइड मोडतं आणि त्यातून बेन्झीन तयार होऊ शकतं.

क्लिंडामायसिनसारखं प्रतिजैविक जेल एकटं कधीच लावू नये. जिवाणू दाद देईनासे होतात. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असलं की ही भीती कमी होते, कारण पेरॉक्साइड जिवाणूला ऑक्सिजनच्या माऱ्याने मारतं आणि त्याला प्रतिकार तयार झालेला दिसत नाही.

या यादीत अझेलेइक ॲसिड कसं नाही याचं आश्चर्य वाटलं. १५% जेल किंवा २०% क्रीम, दिवसातून दोनदा. मुरूम आणि मागे राहणारा काळा डाग दोन्हींवर काम करतं, गरोदरपणातही चालतं. पहिले दोन-तीन आठवडे मुंग्या चावल्यासारखं चुरचुरतं. इसबाच्या चट्ट्यावर मात्र लावायचं नाही.


खपली

इसबाची बाजू मी घेतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

मात्रा. ट्यूबच्या ५ मिमी तोंडातून, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत काढलेली मलमाची पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढी (बोटं धरून) जागा भागते. चेहरा आणि मान मिळून अडीच पट्ट्या, एका हाताला तीन, पंजाला एक, पायाला सहा, पावलाला दोन. कोपराची खाच साधारण एका तळव्याएवढी, म्हणजे अर्धी पट्टी. स्टिरॉइडच्या भीतीने लोक टाचणीच्या डोक्याएवढं लावतात, चट्टा अर्धवट दबतो, परत उसळतो, आणि शेवटी हिशेब केला तर महिनाभरात जास्त स्टिरॉइड गेलेलं असतं. मोमेटासोन कोपरावर रोज एकदा, बोट फिरवल्यावर त्वचा गुळगुळीत लागेपर्यंत. लाली गेली तरी खरखर असेल तर काम बाकी आहे. मग एकदम बंद न करता त्याच जागी आठवड्यातून दोन दिवस, डॉक्टर सांगतील तोवर.

तेच मोमेटासोन पापणीवर न्यायचं नाही. पापणीची त्वचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तिथे ते भराभर शिरतं. दीर्घकाळ वापराने त्वचा पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. तिथे टॅक्रोलिमसच योग्य.

टॅक्रोलिमस सोडून देण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण म्हणजे पहिल्या आठवड्यातली जळजळ. लावल्यावर काही मिनिटांत सुरू होते, तासभर टिकू शकते. त्वचा सुधारते तशी ती बहुतेकांची आठवडाभरात ओसरते. ट्यूब फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) ठेवली तर पहिला झटका बोथट होतो. आंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यायची, आणि त्याच जागी दोन तास आधी किंवा नंतर मॉइश्चरायझर नको. दारू घेतल्यावर चेहरा तापून लाल होतो, तीही या मलमाची ओळखीची खोड. खोक्यावरचा कर्करोगाचा इशारा वाचून लोक हादरतात; एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) २००६ मध्ये तो घातला तेव्हा आधार मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग, तुरळक रुग्णनोंदी आणि पोटातून दिलेल्या औषधाचा अनुभव हा होता. इशारा आहे म्हणून उन्हापासून जपा, पिकलेल्या जागेवर लावू नका, पण अर्ध्यात टाकून देऊ नका.

इसबाच्या नव्या क्रीमांपैकी मुरुमं असणाऱ्यांनी दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवावेत. रुक्सोलिटिनिब १.५% (एफडीएची मान्यता २०२१) दिवसातून दोनदा, शरीराच्या २०% पेक्षा जास्त भागावर नाही. लावल्या जागी मुरुमं येणं हा त्याचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. टापिनारोफ १% (इसबासाठी २०२४) केसांच्या मुळाशी पुटकुळ्या आणू शकतं. रोफ्लुमिलास्ट ०.१५% (२०२४) दिवसातून एकदा, झोंबतही कमी. अशा मिश्र चेहऱ्याला मला तेच जास्त जुळणारं वाटतं. क्रिसाबोरोल २% चेहऱ्यावर बऱ्याच जणांना फार जळजळतं.


दुसरंमत

सगळे उपचारांवर तुटून पडलेत, पण ती मुरुमंच आहेत हे कोणी ठरवलं?

सगळ्या पुटकुळ्या एकाच आकाराच्या, १-२ मिमी, खाजणाऱ्या, कपाळाच्या कडेला, छातीवर, पाठीवर, आणि काळं-पांढरं तोंड असलेला एकही कोंब नाही, तर ती मॅलासेझिया यीस्टची असू शकतात. प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर हमखास वाढतात, कारण जिवाणू हटले की यीस्टला मोकळं रान. यावर कीटोकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध लागतं, अडापॅलीन नाही.

तोंडाभोवती बारीक लाल पुरळ आणि ओठाला लागून एक स्वच्छ पट्टी सुटलेली, तर तोंडाभोवतीचा डर्माटायटिस (त्वचेचा दाह). चेहऱ्यावर कधीकाळी स्टिरॉइड लावलं होतं का, हा पहिला प्रश्न. गोरं करणारी, डाग घालवणारी "मिक्स" क्रीमं यातच येतात. स्टिरॉइड थांबवल्यावर आठवडा-दोन आठवडे चेहरा आणखी भडकतो. तेवढ्यात घाबरून परत तेच लावलं की चक्र सुरू. बराच काळ लावलं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत सोडवा.

आणि इसब चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच उगवला असेल तर तो गृहीत धरू नका. खरूज, संपर्काची ॲलर्जी, क्वचित त्वचेचा लिम्फोमा (कर्करोगाचा एक प्रकार), हे सगळे इसबाचं सोंग घेतात. महिनोन्महिने दाद न देणाऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवणं यात अतिरेक काहीच नाही.


मलमपेटी

दुसरंमत यांचा मुद्दा रास्त. चाचणीबद्दल लिहायचं राहिलं होतं.

मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, क्लासिक "सेन्सिटिव्ह" लेबलवाली क्रीमं यांची घरगुती चाचणी अशी: कोपराजवळ हाताच्या आतल्या बाजूला, जिथे इसब नाही अशी ५ सेंमी चौरस जागा पेनाने आखायची. तिथेच रोज दोनदा लावायचं, किमान ७ दिवस, जमलं तर १४. एकदा लावून "रात्रीत काही झालं नाही" म्हणणं निरर्थक, कारण ॲलर्जी उमटायला २४ ते ७२ तास लागतात आणि सौम्य असेल तर आठवडाही जातो. धुऊन टाकायच्या वस्तू (शाम्पू, फेसवॉश) अशा लावून ठेवू नका, ते कोणालाही लागेल. अडापॅलीन, पेरॉक्साइडलाही ही पद्धत लागू नाही. त्यांच्यासाठी कानाखाली जबड्याच्या मागे नाण्याएवढ्या जागी तीन रात्री.

आता आग आणि ॲलर्जी. नुसती जळजळ असेल तर ती मिनिटांत-तासांत सुरू होते, लावलं तेवढ्याच जागेत राहते, खाजेपेक्षा चरचर जास्त, आणि दोन-तीन दिवस थांबलं की उतरते. ॲलर्जी उशिरा येते, खाज पुढे असते, बारीक पाण्याचे फोड दिसतात, लावलेल्या सीमेबाहेर पसरते आणि थांबवल्यावरही एक-दोन दिवस चढतच जाते. पापण्या सुजल्या तर ॲलर्जी समजून थांबा. श्वासाला त्रास झाला तर धागा बंद करून दवाखाना.

संशय टिकला तर पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात आणि ७२ ते ९६ तासांनी पुन्हा वाचतात. दुसरं वाचन चुकवलं तर टेस्ट फुकट. त्या काळात पाठ भिजवायची नाही, घामही टाळायचा, आणि आधीचा आठवडाभर पाठीवर स्टिरॉइड नको. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे संरक्षक रसायन, सुगंधी मिश्रणं, लॅनोलिन, निकेल हे नेहमीचे संशयित. पापण्यांवरचा इसब तर पुष्कळदा नखांच्या पॉलिशचा किंवा केसांच्या डायचा असतो, डोळ्याला लावलेल्या कशाचा नसतोच.


ओलीवाळू

मनापासून आभार. समजा १२ आठवडे सगळं नीट करूनही जबड्याची मुरुमं तशीच राहिली, इसबही मध्यम-तीव्र. मग पुढे? मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन आणि इसबावरच्या त्या नव्या जॅक गोळ्या (जॅक नावाचं एन्झाइम रोखणाऱ्या) यांची नावं सारखी ऐकू येतात.


खपली

यातली गंमत अशी की, दोन्ही गोळ्या समोरच्या आजाराच्या वैरी आहेत.

आयसोट्रेटिनॉइन तेलग्रंथी आक्रसवतं. मुरुमं जातात, पण ओठ फाटतात, त्वचा सुकते आणि सुप्त इसब जागा होतो. द्यायचंच झालं तर कमी मात्रेने, १० ते २० मिलिग्रॅम रोज, आणि स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत. उपाशीपोटी ते नीट शोषलंच जात नाही. नेहमीचं एकूण लक्ष्य किलोमागे १२०-१५० मिलिग्रॅम. ६० किलो वजनाला ७२०० ते ९००० मिलिग्रॅम झाले. रोज २० ने ३६० ते ४५० दिवस, ४० ने त्याच्या निम्मे. म्हणजे इसबासाठी मात्रा उतरवली तर काळ वाढणार हे आधीच मान्य करून बसायचं. गर्भावर गंभीर परिणाम होतो, म्हणून एक महिना आधीपासून संपल्यावर एक महिन्यापर्यंत गर्भनिरोधन सक्तीचं. लिव्हर आणि चरबीच्या तपासण्या असतात. डॉक्सीसायक्लिनसोबत कधीही नाही, मेंदूभोवतीचा दाब वाढतो. वॅक्सिंग संपल्यावरही सहा महिने नको.

उलट बाजूला जॅक गोळ्या, म्हणजे उपाडासिटिनिब आणि अब्रोसिटिनिब. खाज काही दिवसांत उतरते, पण उपाडासिटिनिबने मुरुमं येणं इतकं नेहमीचं आहे की त्याला इंग्रजीत वेगळं टोपणनावच पडलंय. मात्रा जास्त तशी जास्त. सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी, रक्ततपासण्या, शक्य तर नागिणीची लस. रक्ताच्या गाठी, हृदयविकार, कर्करोग यांचे इशारे आहेत, म्हणून धूम्रपान आणि आधीचा इतिहास डॉक्टरांपासून लपवू नका.

डुपिलुमॅब या इसबावरच्या इंजेक्शनची ओळख मुरुमं आणणारं औषध अशी नाही. पहिल्या दिवशी ६०० मिलिग्रॅम, मग दर दोन आठवड्यांनी ३००. त्रास डोळ्यांचा: लाल होणं, खुपणं, चिकटणं. पापण्यांवर आधीच इसब असेल तर सुरू करण्यापूर्वीच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून ठेवावं.


अर्धवट_रसायनी

जबड्याकडच्या, पाळीआधी वाढणाऱ्या मुरुमांना स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) विसरू नका. त्याने त्वचा आयसोट्रेटिनॉइनसारखी सुकत नाही, म्हणून इसबवालीला बरं पडतं. ब्रिटनमधल्या साफा चाचणीत ४१० स्त्रियांना सहा आठवडे ५० मिलिग्रॅम, मग १०० मिलिग्रॅम किंवा नुसती दिसायला तशीच गोळी दिली होती (निष्कर्ष २०२३). फरक १२ व्या आठवड्यात दिसला, पण २४ व्या आठवड्यात जास्त ठळक. म्हणून तीन महिन्यांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नये. पाळी अनियमित होणं, लघवीला जास्त जावं लागणं, उठताना चक्कर हे दुष्परिणाम. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम तपासायचं. मुलगा असलेल्या गर्भावर परिणाम होऊ शकतो म्हणून गरोदरपणात नाही, आणि पुरुषांना मुरुमांसाठी देत नाहीत, स्तन वाढतात.

हेच काम त्वचेपुरतं करणारी क्लास्कोटेरोन १% क्रीम एफडीएने २०२० मध्ये मान्य केली. ती दिवसातून दोनदा, पुरुषांनाही चालते.

पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केसही असतील तर आधी पीसीओएसची तपासणी.


ओलीवाळू

एक शेवटचं. पापणीला टॅक्रोलिमस आणि त्याच रात्री गालांना अडापॅलीन चालेल? आणि सुधारणा मोजायची कशी, आरशावर विश्वास बसत नाही.


मलमपेटी

चालेल, पण एकाच वेळी नाही. टॅक्रोलिमस संध्याकाळी, अडापॅलीन झोपायच्या तासभर आधी. लगेच उशीवर पडलं की गालावरचं जेल अभ्र्यावर आणि अभ्र्यावरून पापणीवर जातं. सकाळी पापणी लाल आणि दोष टॅक्रोलिमसला. बोटं धुऊनच डोळ्याला हात.

इसबासाठी पोएम नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली आहे, दर आठवड्याला भरा. गुण ० ते २८. ८ ते १६ मध्यम, १७ पासून तीव्र. तीन-चार गुणांपेक्षा कमी फरक धरू नका. मुरुमांसाठी दर दोन आठवड्यांनी फोटो: तीच खिडकी, तीच वेळ, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, फिल्टर बंद. नव्या मुरुमांचा आकडा वेगळा लिहा, जुन्या डागांचा वेगळा. डाग विरायला महिने लागतात आणि त्यांच्याकडे बघून चालू असलेलं औषध बदललं जातं.

इसबाच्या जागी अचानक एकसारखे, मध्ये खड्डा असलेले दुखरे फोड उठले आणि ताप आला तर ती नागिणीच्या कुळातल्या हर्पिसची लागण असू शकते. त्या दिवशी सगळी मलमं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा; असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध जितकं लवकर तितकं बरं, आणि डोळ्याजवळ असेल तर सकाळची वाट बघू नका.


खपली

अवांतर: पॅराफिनवाल्या मलमांनी भिजलेले कपडे, अभ्रे, बँडेज भराभर पेटतात, धुतल्यावरही अंश राहतो. सिगारेट, गॅस, निरांजन यांच्याजवळ जाताना ते कपडे बदला.